तुळईवरील तोल : शिक्षकांसाठी काही सूचना

जिम्नॅस्टिक्समधील तुळई हे साधन दिसावयास साधे, परंतु मोठ्या कसोटीचे आहे. स्पर्धेतील तुळई ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद व जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असते. खेड्यातील शाळेला असे साधन मिळणे कठीण; तथापि तोल हा जो गुण त्यावर शिकवावयाचा, तो जमिनीवर आखलेल्या १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यावरही शिकविता येतो.

तोलाचे तत्त्व गवंड्याच्या ओळंब्यासारखे आहे. शरीराच्या भारमध्यातून सोडलेला ओळंबा पावलांच्या आत पडतो, तोवर माणूस उभा राहतो. तुळईवर हा आधार अरुंद असल्यामुळे थोडे कलणेही पुरेसे होते. हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरल्यास कलण्याची गती मंदावते व सावरण्यास अवधी मिळतो. गुडघे किंचित सैल ठेवल्यास लहान हेलकावे तेथेच जिरतात.

बहुतेक मुलांच्या चुका तीन असतात : पावलांकडे पाहणे, श्वास रोखणे आणि खांदे ताठरणे. दृष्टी तुळईच्या दूरच्या टोकावर स्थिर करण्यास सांगावे. पाऊल टाकताना आधी बोटे टेकवावी, कडेचा अदमास घ्यावा व मगच भार द्यावा. वळताना चवड्यांवर उभे राहून कंबर व खांदे एकदमच फिरवावे.

शिक्षणाचा क्रम असा असावा : प्रथम जमिनीवरील पट्टा, नंतर जमिनीवर पक्की बसविलेली फळी, शेवटी गुडघ्याहून कमी उंचीची, न डगमगणारी तुळई. एक पायरी निर्वेध साधल्याशिवाय पुढची देऊ नये. खाली खडे वेचलेली मऊ वाळू असावी. शिक्षकाने बाजूने चालावे. मुलाचा हात ओढू नये, आपला हात केवळ आधारासाठी पुढे करावा. तोल गेलाच तर तुळईला न बिलगता दोन्ही पायांवर उतरावे, चवडे आधी टेकवून गुडघे वाकवावे, हे पहिल्याच दिवशी शिकवावे. पडावे कसे हे ज्याला ठाऊक, त्याची भीती निम्मी होते.

भिणाऱ्या मुलाची थट्टा वर्गात कदापि होऊ देऊ नये. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्स या जगप्रसिद्ध खेळाडूस हवेत शरीराची दिशा कळेनाशी झाली. तिने अनेक स्पर्धांतून माघार घेतली. पुढे तुळईवर उतरताना पिळाची उडी टाळून सोपी उडी घेतली व कांस्यपदक मिळविले. श्रेष्ठ खेळाडूही आवश्यक तेव्हा सोपी पायरी निवडतो, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलीने एक पायरी मागे येण्यात कमीपणा कसला?

आठवड्यातून दोन-तीन वेळा दहा मिनिटे दिली तरी पुरेत. एकदा विश्वास बसला की मूल आपल्या पायांनी पुढे जाते. परंतु एकदा बसलेली धास्ती काढणे मात्र शिक्षकास फार जड जाते.