प्रत्येक आकस्मिक शोथ शीतपित्त नव्हे

ओठ, पापण्या वा हातपाय अकस्मात सुजतात. परंतु कंडू नाही, अंगावर गांधीही नाहीत. अशा रुग्णास शीतपित्त समजून दिलेल्या अँटिहिस्टामिन गोळ्या निष्फळ ठरतात. ११ व्या गुणसूत्रावरील सर्पिंग-१ हे जनुक कॉम्प्लिमेंट यंत्रणेस आवर घालणारे सी-१ इनहिबिटर प्रथिन घडविते. ते उणे पडल्यास ब्रॅडिकायनिन वाढून शोथ उद्भवतो. १८८८ मध्ये ऑस्लर यांनी या व्याधीची आनुवंशिकता वर्णिली. १९६३ मध्ये प्रथिनाची उणीव सिद्ध झाली. अपत्यास दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. यास्तव कुलवृत्त विचारावे, रक्तातील सी-४ तपासून घ्यावे. निदान झालेल्या रुग्णाच्या चिठ्ठीत एनालाप्रिल, रॅमिप्रिल वा इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या आढळल्यास औषधविक्रेत्यांनी चिकित्सकास विचारल्याविना त्या देऊ नयेत. कंठातील शोथ प्राणघातक ठरतो. तेथे क्षणाचाही विलंब न करता रुग्णास रुग्णालयात पाठवावे.