हॉलमध्ये आखलेली गाडी

मारुती इकोची बाहेरून लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५ आणि उंची १८२५. मागच्या दिवाळीचा फराळ संपल्यावर एका दुपारी आम्ही सोफा आणि टीपॉय भिंतीला लावले आणि हॉलच्या फरशीवर मी खडूने ही गाडी आखली. मी नोकरीभर आरेखक होते. कालव्यांचे, पंपघरांचे नकाशे काढण्यात हयात गेली. आखून पाहिल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. हे टेपचं दुसरं टोक धरून उकिडवे बसले होते. "अगं, पत्र्याची जाडी वजा कर. आतून प्लायवूड लागेल, तेही धर." उत्साह अर्थात त्यांचाच. रिटायर झाल्यापासून ते मोबाइलवर चाकांवरची घरंच बघत होते: बटण दाबलं की छत वर उठतं, ओट्याचा पलंग होतो, आणि नवराबायको समुद्राकडे तोंड करून चहा पीत बसतात.

सगळं वजा जाता रुंदी उरली सव्वाचार फूट. आमची चार फुटी गादी त्यात बसली. पुढची सीट पुढे ढकलली असं धरलं तर लांबीही जेमतेम पुरली. मग उंची. दोन खिडक्यांच्या गजांना मी चार फुटांवर सुतळी बांधली, कारण आतली उंची साधारण तेवढीच मिळणार. तिच्याखाली बसून साडी नेसून पाहिली. जमत नाही. निऱ्या घालायला माणसाला उभं राहावंच लागतं. पंजाबी ड्रेस जमला, पण सुतळीला डोकं तीनदा लागलं. रात्री आम्ही खरंच त्या चौकोनात झोपलो. मी भिंतीकडे, हे दाराकडे. दोन वाजता मला उठायचं होतं, तेव्हा त्यांना ओलांडून जावं लागलं आणि त्यांच्या पोटऱ्यांवर माझा गुडघा पडला. "गाडीत असतो तर आत्ता बाहेर पाऊस असता," ते झोपेतच म्हणाले.

एवढ्याशा गाडीत घर करणं हा वेडेपणा नाही. जपानमध्ये केई नावाचा गाड्यांचा एक वर्गच आहे: लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसीपर्यंत. रुंदीला म्हणजे आपली इकोच. आपली जुनी ओम्नीसुद्धा सुझुकीच्या तिकडच्या छोट्या व्हॅनवरूनच घेतलेली होती. अशा व्हॅनमध्ये तिकडची निवृत्त जोडपी महिनामहिना फिरतात. हे मला ऐकवत होते तेव्हा मी एकच विचारलं, "आणि संडासाला कुठे जातात?" त्याचं उत्तर गाडीत नव्हतं, रस्त्यावर होतं. जपानमध्ये १९९३ पासून मिची-नो-एकी नावाचे रस्त्याकडेचे थांबे सरकारी नोंदणीने उभे राहिले. आज ते बाराशेच्या वर आहेत. फुकट पार्किंग, चोवीस तास उघडं स्वच्छतागृह, शेजारी गावच्या भाजीची आणि लोणच्यांची विक्री. नियमाने तिथे विश्रांती घ्यायची, मुक्काम करायचा नाही. पण त्यांच्या गाडीचं अर्धं घर असं गाडीच्या बाहेर बांधलेलं आहे. आपण मोजत होतो ते उरलेलं अर्धं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. साधी व्हॅन घेऊन गॅरेजवाल्याकडून पलंग, ओटा, टाकी ठोकून घेतली की झालं, असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते अधिकच घट्ट केलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या कारागिराकडूनच काम करून घ्यायचं आणि आरसी बुकावर तशी नोंद व्हायला हवी. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गाड्यांच्या यादीत येते, म्हणजे पांढरी नंबरप्लेट. मागची सीट काढली तरी आसनसंख्या बदलते, हेही आरटीओला कळवावं लागतं. आणि विमा कंपनीला सांगितलं नाही तर अपघातानंतर ती कुठल्या कलमावर बोट ठेवेल, हे सांगायला नको.

खडूचा चौकोन पुसल्यावर आम्ही शहाणपणाची एक गोष्ट केली: विकत घेण्याआधी भाड्याने घेतली. तीन रात्री, टेम्पो ट्रॅव्हलरच्या छोट्या सांगाड्यावरची, आत उभं राहता येईल अशी. ती आणायला सांगलीहून पुण्याला जावं लागलं, तेव्हा पहिला दिवस तिथेच गेला. आधीच्या गिऱ्हाइकाने पाण्याचा पंप बिघडवून ठेवला होता, हे कराडला चहा करताना कळलं. ह्यांनी टाकीच्या तोटीखाली तांब्या धरून वेळ भागवली.

टाकी साठ लिटरची. आमच्या खात्यात शहरी पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना माणशी रोज १३५ लिटर धरायचे. दोघांचे २७०. हातात साठ. एक बादली अंघोळीलाच पंधरा लिटर जातात. टाकी मोठी घ्यावी तर लिटरमागे एक किलो वजन वाढतं, घाट चढताना ते इंजिनाला कळतं आणि उतरताना ब्रेकला.

विजेचा हिशोब ह्यांचा. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. पंखा, दिवे, छोटा फ्रिज यांना रात्रभर भरपूर. इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केला की त्यातले सातशे-साडेसातशे गेले. एसी लावला तर तास-सव्वा तासात खेळ खलास. रात्रभर इंजिन चालू ठेवून एसी लावणं हा तर जिवाशी खेळ, धूर आत येतो. कोकणात मे महिन्यात रात्री बाराला वारा पडतो तेव्हा १२८० या आकड्याचा अर्थ कळतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो, म्हणून निभावलं.

पण मला जे सांगायचंय ते आंबा घाटात घडलं. मलकापूर सोडल्यावर मला थांबायचं होतं. एरवी अशा वेळी मी काहीच बोलत नाही. पुढचा पेट्रोल पंप, तिथल्या दाराला कडी असेल का, पाणी असेल का, याचा विचार करत मांड्या आवळून बसते. त्या दिवशी हे म्हणाले, "मागे आहे की." गाडी वळणाच्या पुढे मोकळ्या जागी लावली. मी दोन सीटांमधून मागे गेले, दार लावलं, कडी घातली. चार मिनिटं. बाहेर आले तेव्हा मला रडूच आलं, आणि का ते ह्यांना समजेना.

छत्तीस वर्षं मी साइटवर गेले आहे. जीपमध्ये पाच पुरुष आणि मी. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जेवणाच्या डब्यात ताक असलं तर मी ते शिपायाला द्यायचे. एकदा मुतखडा झाला, दोनदा जंतुसंसर्ग. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, "मॅडम, पाणी भरपूर प्या." हे सगळं मी इतकं गृहीत धरलं होतं की चाकांवरच्या घराचा विचार करताना माझ्या यादीत संडास चौथ्या नंबरला होता, ओट्याच्या खाली.

मालगुंडला एका घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावायला परवानगी मिळाली. पाचशे रुपये, विजेचा प्लग धरून. तिथवर पोचायची पाणंद अशी की दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांना आरसे घासायला आले. ते मिटून, मी पुढे चालत, हे मागून गाडी आणत, असे आम्ही वरातीसारखे आत शिरलो. घरच्या काकू पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. रात्री त्यांनी विचारलं, "मग खोलीतच का नाही झोपत? रिकामीच आहे की." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या रात्री आम्ही खोलीत झोपलो आणि पाच हजार रुपये रोज भाड्याचं आमचं घर बाहेर फणसाखाली उभं होतं.

सकाळी त्या संडासाची पेटी रिकामी करायची होती. वीस लिटरची, भरत आली की तेवढ्याच किलोंची. आपल्याकडे ती ओतायची जागा ठरलेली नाही. काकूंना विचारलं, तर त्यांना चिंता सेप्टिक टँकची, आणि ती बरोबरच होती: फॉर्मल्डिहाइडचं औषध घातलं असेल तर टाकीतले जिवाणू मरतात. आमच्या बाटलीवर ते नव्हतं, हे मी चष्मा लावून त्यांना वाचून दाखवलं. मग हे ती पेटी छातीशी धरून अंगण ओलांडून गेले, मागून काकूंचा कुत्रा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांसाठी सोयींच्या तळांची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. ह्यांच्या हातातली पेटी मात्र त्या सकाळी जड होती.

परतल्यावर मी डायरी काढली. गेल्या वर्षी आम्ही घराबाहेर एकोणीस रात्री काढल्या, त्यातल्या अकरा ठाण्याला मुलीकडे. राहिल्या आठ. गाडी आणि आतलं काम मिळून कोटेशन दहा लाखांच्या घरात होतं. सात टक्क्यांनी दहा लाखांचं व्याज वर्षाला सत्तर हजार. नाश्त्यासकट दोन हजाराची खोली धरली तर नुसत्या व्याजात पस्तीस रात्री, आणि मुद्दल जागच्या जागी. सोसायटीचं पार्किंग, विमा, टायर अजून धरलेच नाहीत. वर्षाला साठ-सत्तर रात्री बाहेर राहणारा, एका ठिकाणी बुकिंग करून अडकून पडायला कंटाळणारा, पक्षी बघत किंवा गड चढत हिंडणारा कोणी असेल तर त्याने जरूर घ्यावी; त्याचा हिशोब वेगळा येईल. कुत्रं बरोबर नेणाऱ्याने तर नक्की. आमचा हिशोब आठ रात्रींचा होता.

हे आठ दिवस गप्प होते. मग एका संध्याकाळी म्हणाले, "तुला त्या गाडीतलं नेमकं काय आवडलं?" मी सांगितलं.

गाडी घेतली नाही. साडेआठ हजारांत सुटं संडासाचं भांडं घेतलं, वीस लिटरचं, झाकणबंद, वरच्या भागात धुवायचं पाणी, खालची पेटी वेगळी निघणारी. शिवाय एक उभा तंबू, चकतीसारखा दुमडतो, फेकला की उघडतो. परत दुमडायचं तंत्र ह्यांना दोन आठवड्यांनी साधलं. दोन्ही वस्तू आमच्या जुन्या वॅगन-आरच्या डिकीत मावतात. पेटी घरी आणून आपल्याच संडासात ओतायची, म्हणजे कोणाची परवानगी नको.

मार्चमध्ये रत्नागिरीला लग्नाला निघालो, तेव्हा सकाळी मी दोन कप चहा प्यायले आणि कोकम सरबत बाटलीत भरून घेतलं. आंबा घाटात त्याच वळणाच्या पुढे तंबू लावला. वारा होता, म्हणून हे बाहेर एक दोरी धरून, पाठ करून उभे. मी बाहेर आले तेव्हा मागे एक गाडी थांबली होती. पस्तिशीची एक बाई खाली उतरून तंबूकडे बघत होती.

"हे काय आहे हो?" तिने विचारलं.

मी सांगितलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग गाडीकडे वळून तिने हाक मारली, "आई, उतर. चप्पल घाल."