अंगातली कसर

कोरोनामुळे बंद असलेल्या शाळा 24 जानेवारी 2022पासून पुन्हा उघडायला राज्याने परवानगी दिली. अखेरचा निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. नाशिक जिल्ह्यातली आमची छोटी शाळाही भरू लागली. रोज साडेदहाला मी ताप मोजायची बंदूक घेऊन फाटकाशी उभी राहायचे. थंडीतून चालत आलेल्या पोरांची कपाळं गारठलेली असत, त्यामुळे आकडा कमी यायचा. म्हणून मुलांना आधी व्हरांड्यात, वाऱ्याच्या आडोशाला दहा मिनिटं बसवायचं आणि मग मोजायचं. 100.4 किंवा वर गेला, की घरी.

दुसरीतल्या एका मुलाचा आकडा सकाळी 98 होता. दुपारी तो दप्तरावर डोकं ठेवून पडला. हात लावला तर चटका बसला. आईला कांद्याच्या लागणीवरून बोलावून घेतलं. ती म्हणाली, "रात्री अंगात कसर होती, बाई. सकाळी औषध पाजलं. रोज बुडवून कसं भागायचं? अन् याला ठेवू कुणाकडं?" तिला बोल लावायला जीभ रेटेना.

पॅरासिटामॉलचा अंमल साधारण चार ते सहा तास राहतो. म्हणजे सकाळी मी त्याचा ताप मोजलाच नव्हता, औषधाचा गुण मोजला होता.

दुसऱ्या दिवसापासून वहीत नवे रकाने आखले: ताप कधी आला, शेवटचं औषध किती वाजता दिलं, पोर जेवतंय-खेळतंय का. "ताप आहे का?" या प्रश्नाला सगळे "नाही" म्हणत. "औषध कधी दिलं?" असं विचारलं की खरं उत्तर येई.

त्या मुलाची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आली. 5 जानेवारीच्या केंद्राच्या सूचना स्पष्ट होत्या: लक्षणं सौम्य असतील तर चाचणीपासून किमान सात दिवस घरी, त्यात शेवटचे सलग तीन दिवस ताप नको, पुन्हा चाचणीची गरज नाही. तरी काही पालक निगेटिव्ह रिपोर्टसाठी अडून बसत. त्यांना सांगावं लागे, की आरटीपीसीआरमध्ये मेलेल्या विषाणूचे अंश कित्येक आठवडे दिसू शकतात. खोकलाही पंधरा-पंधरा दिवस रेंगाळतो. डॉक्टरांनी तपासलेलं, हुंदडणारं पोर तेवढ्यासाठी घरी बसवायचं नाही.

आठ दिवसांनी ती माउली मुलाला घेऊन फाटकाशी आली. मी विचारण्याआधीच बोटं मोजून म्हणाली, "आज चौथा दिवस, बाई. बिनऔषधाचा." पोरगं आत पळालं. तिचा आठवड्याचा रोज मात्र बुडाला होता, आणि तो भरून देणारा नियम कोणत्याही परिपत्रकात नव्हता.

म्हणून शिक्षकांना सांगणं आहे: खरं सांगणाऱ्या आईला रागावू नका, बुडालेला अभ्यास घरी पोचवा. आणि ज्यांच्या शेतात या आया राबतात त्यांना विनंती: लेकरू तापलं म्हणून घरी थांबलेल्या बाईचं काम दुसरीला देऊ नका.