जपानी शिकायचंय? मग मराठीचं बोट धरा!

मैत्रिणींनो, जपानी म्हटलं की आपण आधीच हात टेकतो. ‘माझं शिक्षण मराठीतून, मला कुठलं जमायला?’ असं आमच्या वाईतल्या कितीतरी जणी म्हणतात. पण खरं सांगू? जपानी वाक्याची ठेवण इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीला कितीतरी जवळची आहे.

हे वाक्य पाहा : ‘वाई कारा पुणे मादे बासु दे इकिमासु.’ म्हणजे, वाईहून पुण्यापर्यंत बसने जाते. ‘कारा’ म्हणजे हून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘दे’ म्हणजे ने. शब्दांचा क्रमसुद्धा तोच, क्रियापद शेवटी! ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी काय लावायचं? ‘का’! ‘ओचा नोमिमासु का?’ म्हणजे, चहा घेता का? शिवाय नामाला लिंग नाही. ‘जातो’ काय नि ‘जाते’ काय, ‘इकिमासु’च.

आणखी एक गंमत. आपण भाजी ‘खाऊन बघतो’, जपानी माणूस ‘ताबेते मिरु’ म्हणतो. ‘मिरु’ म्हणजे बघणे. सणाआधी आपण सामान ‘घेऊन ठेवतो’. ते ‘कात्ते ओकु’. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावून घ्यावं लागतं, आपल्याला ते कानावरचंच.

म्हणी आणि वाक्प्रचार तर आपल्या घरातलेच वाटतात :

हाना योरी दांगो : फुलांपेक्षा दांगो (तांदळाच्या पिठाच्या गोळ्या) बरे. आपलं ‘आधी पोटोबा, मग विठोबा’.

नेको नि कोबान : मांजराला सोन्याची मोहर. आपल्याकडे ‘गाढवाला गुळाची चव काय?’

नेको नो ते मो कारितााई : मांजराचा पंजासुद्धा उसना घ्यावासा वाटतो, इतकी कामाची घाई. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आठवा!

कुची गा काताई : तोंड घट्ट, म्हणजे पोटात गुपित राखणारी व्यक्ती.

काही बाबतींत मात्र जपून. बाहेरच्या माणसाशी बोलताना जपानी लोक आपल्या घरच्यांना आदरार्थी शब्द लावत नाहीत. स्वतःची आई ‘हाहा’, समोरच्याची आई ‘ओकासान’. आपल्याला ‘आमच्या सासूबाई आल्या’ म्हणायची सवय, म्हणून इथे घोटाळा होतो. ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतला फरकही सरावानेच कळतो. चित्रलिपीला तर वेळ द्यावाच लागतो.

सुरुवात हिरागाना लिपीच्या 46 अक्षरांनी करा. रोज पाच गिरवली तर दहा दिवसांत होतात. त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना... आपल्या वर्णमालेच्याच वळणाचा, कारण संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच तो घडला. मिठाच्या डब्यावर ‘शिओ’, तांदळाच्या डब्यावर ‘कोमे’ अशा चिठ्ठ्या लावा. स्वयंपाक करता करता शब्द पाठ होतात. नवीन प्रत्यय आला की वहीत शेजारी त्याचा मराठी जोडीदार लिहा.

मुलांच्या अभ्यासापुरतं शिका किंवा स्वतःच्या कमाईसाठी. वय आड येत नाही. जपानी भाषेची जागतिक परीक्षा 1984 पासून होते, तिच्या पाच पायऱ्या आहेत, सगळ्यांत सोपी ‘एन पाच’. पुण्यातही तिचं केंद्र आहे. दुपारची वीस मिनिटं तेवढी स्वतःसाठी राखा. जपानीत म्हणतात, ‘इशि नो उए नि मो सान् नेन्’ : गार दगडावरही तीन वर्षं बसलं, तर तो ऊबदार होतो.