पोर डोक्यावर पडलं : सीटी स्कॅन करायचा की थांबायचं?

पोर पलंगावरून नाहीतर जिन्यावरून पडतं, डोक्याला टेंगूळ येतं आणि घरात दोन तट पडतात. नानी म्हणते, "डोक्याचा मामला आहे, आधी स्कॅन करून घ्या." चाचा मोबाईलवर कुठेतरी वाचलेलं सांगतो, "स्कॅनच्या किरणांनी मेंदू खराब होतो." मधल्यामध्ये अम्मी-अब्बांची घालमेल. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून गोष्ट मुळापासून समजून घेऊ.

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच. फक्त एका फोटोऐवजी चारी बाजूंनी पुष्कळ फोटो. हे किरण पेशीच्या आत शिरून तिच्यातल्या डीएनएला धक्का देऊ शकतात. मोबाईलच्या लहरींमध्ये तेवढी ताकद नसते, त्यामुळे दोन्ही एकाच तराजूत तोलू नयेत. जी पेशी वाढत असते, दुभंगत असते, तिला एक्स-रेचा मार जास्त लागतो. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या बहुतेक पेशी आता दुभंगत नाहीत, म्हणून मेंदू किरणांना दाद देत नाही असं डॉक्टरांना फार वर्षं वाटायचं. पण मेंदूत बारीक रक्तवाहिन्या असतात, नसांवर पांढरं आवरण चढवणाऱ्या पेशी असतात आणि हिप्पोकॅम्पस नावाचा आठवणी साठवायला मदत करणारा भाग असतो. या सगळ्यांना किरण लागतात. लहान मुलाचा मेंदू तर अजून बांधला जात असतो.

याचा पुरावा जुन्या इलाजांतून मिळाला, आणि तो वाचून वाईट वाटतं. डोक्यातला नायटा घालवायला एकेकाळी अनेक देशांत एक्स-रे देत. किरणांनी केस गळून पडत, मग मलम लावणं सोपं जाई. इस्रायलमध्ये 1948 ते 1960 या काळात हजारो मुलांवर हा इलाज झाला. त्यातली बहुतेक मोरोक्को, इराक अशा अरब मुलुखांतून नुकत्याच आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतली होती. मेंदूला सरासरी दीड ग्रे इतका डोस गेला. यातल्या सुमारे 11 हजार मुलांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. 1988 साली निष्कर्ष छापून आला : मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा गाठीचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या नऊपटीहून जास्त होतं. 1994 मध्ये तिथल्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. आणि नायट्यासाठी गोळी? ती 1950 च्या दशकाच्या शेवटी आलीच होती.

स्वीडनचा अनुभव त्याहून हळू आवाजात बोलणारा आहे. 1930 ते 1959 दरम्यान तिथे तान्ह्या बाळांच्या अंगावरचे लाल डाग किरणांनी घालवत. यातली तीन हजारांवर मुलगे मोठे होऊन सैन्यभरतीच्या चाचणीला आले, तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या गुणांची जुन्या डोसाशी सांगड घातली गेली. ज्यांच्या मेंदूला किरण गेले नव्हते त्यांच्यातले सुमारे 32 टक्के हायस्कूलपर्यंत पोहोचले होते. 250 मिलिग्रेहून जास्त डोस गेलेल्यांत हे प्रमाण 17 टक्क्यांच्या आसपास होतं. शिक्षण मागे पडलं. असं नुकसान घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

आता नानीची बाजू. वरचे आकडे बघा आणि स्कॅनचा आकडा बघा. एका डोक्याच्या सीटीत मुलाच्या मेंदूला साधारण 30 ते 40 मिलिग्रे जातात. एक ग्रे म्हणजे 1000 मिलिग्रे, म्हणजे नायट्याच्या इलाजाच्या मानाने हे फारच कमी. युरोपातल्या नऊ देशांतल्या साडेसहा लाखांहून जास्त मुला-तरुणांच्या नोंदींचा अभ्यास 2023 मध्ये आला. त्यातला हिशेब असा की 10 हजार मुलांचा प्रत्येकी एक डोक्याचा सीटी झाला, तर पुढच्या 5 ते 15 वर्षांत किरणांमुळे सुमारे एका मुलाला मेंदूचा कॅन्सर होऊ शकतो. मेंदूत रक्तस्राव होत असेल तर या आकड्याकडे बघत बसायचं नसतं, ताबडतोब स्कॅन करायचा. एमआरआयमध्ये हे किरण नसतात हे खरं, पण त्याला वेळ लागतो आणि लहान मुलाला बऱ्याचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं.

मग ओळखायचं कसं? अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या 42 हजारांवर मुलांचा अभ्यास 2009 मध्ये छापला गेला. त्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांचा सीटी झाला होता, पण मेंदूला गंभीर इजा शंभरात एकालाही नव्हती. तेव्हापासून डॉक्टर काही खुणा बघतात : मूल बेशुद्ध पडलं होतं का, उलट्या होतात का, डोकं फार दुखतं का, ते सुस्त किंवा गोंधळलेलं आहे का, कवटी मोडल्याची खूण आहे का, किती उंचीवरून पडलं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत आईचं एक वाक्य मोठं मोलाचं धरतात : "हा नेहमीसारखा वागत नाही." यातलं काहीच नसेल आणि डॉक्टर म्हणाले, "चार-सहा तास नजरेखाली ठेवू," तर ते टाळाटाळ करत आहेत असं समजू नका. तोही इलाजाचाच भाग आहे. "पैसे आम्ही देतो, पण स्कॅन कराच" असा हट्ट मात्र आपल्याकडे सर्रास होतो.

स्कॅन करावाच लागला तर मशीनवर लहान मुलांसाठीची कमी डोसची सेटिंग लावली आहे ना, हे बिनधास्त विचारा. जुनी सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा, नाहीतर दवाखाना बदलला की तोच स्कॅन पुन्हा होतो.

आणि मुलाचा हात धरायला आत कोण जाणार, तेही आधी ठरवा. हिरोशिमा-नागासाकीत बॉम्ब पडला तेव्हा पोटात असलेल्या बाळांपैकी ज्यांना आठ ते पंधरा आठवडे झाले होते, त्यांच्या मेंदूवर सगळ्यात वाईट परिणाम झाला. तो डोस प्रचंड होता, स्कॅनच्या खोलीत बाजूला उभं राहणाऱ्याला त्याचा अगदी किरकोळ अंशही मिळत नाही. तरीही अम्मीला दिवस गेले असतील किंवा तसा नुसता अंदाज असेल, तर तिने बाहेर थांबावं आणि अब्बांनी नाहीतर फुफीने शिशाचा एप्रन घालून आत जावं.