यंत्रांची पंगत

मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य पूर्वीं पनवेलीस चहापाण्यापुरता थांबे. आतां त्याच पनवेलीनजीक हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीनें एक प्रचंड डेटा सेंटर, म्हणजे संगणकांचें भांडारच, उभारलें आहे. जुलै २०२० मध्यें तें सुरू झालें. यंत्रें रचून ठेवण्याचे ७,२०० रॅक तेथें मावतील, आणि एकेका रॅकमध्यें अनेक संगणक. एवढ्या यंत्रांची जुळणी एकेकापुढें बसून हातानें करावयाची म्हटली, तर माणसांची पलटण पुरावयाची नाहीं. आणि पुरली तरी दोन यंत्रें अगदीं सारखीं निघतील, याची हमी कोणी द्यावी?

अशा अडचणीवर उपाय निघाला तो लेखनाचा. यंत्रें कशीं असावीं हें एका मजकुरांत लिहावयाचें, आणि त्याबरहुकूम मांडामांड करण्याचें काम एका आज्ञावलीवर सोंपवावयाचें. १९९३ सालीं ऑस्लो विद्यापीठांत मार्क बर्जेस यांनीं रचलेली 'सीएफइंजिन' ही या मार्गावरील आरंभींची आज्ञावली. २०१४ सालचें 'टेराफॉर्म' आज या व्यवसायांत सर्वपरिचित आहे.

येथें एक बारकावा आहे. पंगतींत वाढप्यास 'प्रत्येक पानावर भाताची एक मूद घाल' असें सांगितलें आणि तो चुकून दोनदां फिरला, तर पानांवर दोन दोन मुदी पडतात. 'प्रत्येक पानावर एक मूद असावी' असें सांगितलें, तर तो आधीं पान पाहतो, नसेल तेथेंच वाढतो, आणि दहा वेळां फिरला तरी बिघडत नाहीं. नव्या पद्धतीचा सारा जीव या 'असावी' मध्यें आहे. शिवाय कोणती ओळ कोणीं, केव्हां बदलली, तें मागाहून पाहतां येतें. एक जागा बंद पडली तर त्याच मजकुरावरून दुसरीकडे तशीच व्यवस्था उभी करतां येते. (यंत्रांत सांठविलेली माहिती मात्र निराळी जपावी लागते.)

परंतु हा वाढपी जितका आज्ञाधारक तितकाच चपळ. चुकीची आज्ञाही तो क्षणांत साऱ्या पानांवर वाढून मोकळा होतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अमेरिकेंत ॲमेझॉनच्या सांठवणसेवेंत एका कर्मचाऱ्यानें ठराविक आज्ञा चालवितांना तींतील एक भाग चुकीचा भरला. थोडीं यंत्रें काढावयाचीं तेथें पुष्कळ निघालीं, आणि अनेक संकेतस्थळें कित्येक तास अडून बसलीं. पुढें कंपनीनें त्या साधनांत सुधारणा केली: यंत्रें सावकाश निघावींत, आणि ठराविक मर्यादेखालीं त्यांची संख्या जाऊंच नये. टेराफॉर्मही प्रत्यक्ष बदलापूर्वीं काय घडेल याची यादी दाखवितें. ती वाचून संमति देण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं अजून माणसाकडेच ठेवलेलें असतें.