तास एक, काम चार तासांचं! ऑनलाइन शिकवण्याचा मोबदला मागायचा कसा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा.

आठवा २०२०. मार्चअखेर टाळेबंदी लागली, कॉलेजं बंद. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आपल्या जिल्ह्यात दापोली, मंडणगडकडे कित्येक दिवस ना वीज, ना रेंज. तरी पुढचं वर्ष ऑनलाइन सुरू झालंच. सीएचबीवाल्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. मग व्हिडिओ बनवणं, गूगल फॉर्मवरच्या चाचण्या, रात्री व्हॉट्सॲपवर येणाऱ्या शंका, हे कुठल्या तासात धरायचं?

हिशेब करू. तेव्हा पदवी वर्गाला तासाचा दर होता ५०० रुपये. समजा, एका तासामागे दोन तास रेकॉर्डिंगचे आणि एक तास शंकांचा. काम झालं चार तासांचं, म्हणजे तासाला पडले १२५. २०२१ मध्ये, रत्नागिरीचेच आमदार उदय सामंत उच्च शिक्षणमंत्री असताना, हा दर ६२५ झाला. चांगलंच झालं. पण चारने भागा, १५६ येतात! म्हणून नुसता दर वाढून भागत नाही. काय मोजायचं, तेही ठरवून घ्यायला हवं.

मग करायचं काय?

पहिलं, दर कोण ठरवतं ते बघा. अनुदानित पदांचा दर शासन ठरवतं, तो प्राचार्यांच्या हातात नसतो. तिथे इंटरनेटचा खर्च, कमी केलेली इतर कामं, शंकांसाठी ठरलेली वेळ, हे मागता येतं. विनाअनुदानित कोर्सला संस्थाच मानधन ठरवते, तिथे रकमेवरही बोला.

दुसरं, दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. ‘तयारी तर फळ्यावर शिकवतानाही लागते,’ असं ऐकवलं जाईल आणि ते खरंच आहे. म्हणून जे ऑनलाइनमुळे वाढलं तेवढंच लिहा.

तिसरं, सत्र सुरू होण्याआधी लेखी विचारा. ‘सर, आठवड्याला एवढे तास जादा जातात. यातले कुठले मानधनात धरायचे आणि कुठले कमी करायचे?’ या प्रश्नाला नुसतं ‘नाही’ म्हणता येत नाही.

चौथं, रेकॉर्डिंग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क मालकाचा. सीएचबीवाला या अर्थाने ‘नोकरीत’ आहे का, यावर वाद होऊ शकतो. तेव्हा व्हिडिओ किती वर्षं वापरणार, पुढच्या वर्षी तुमच्या तासाऐवजी तोच लावणार का, हे आधीच कागदावर आणा.

आता खरी भीती: ‘बोललो तर पुढच्या वर्षी तासच देणार नाहीत.’ नेमणूक वर्षापुरती असते, त्यामुळे ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका. विभागातल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करा, विभागप्रमुखांना सोबत घ्या. वही एकाची असली की ती तक्रार वाटते. पाच जणांच्या वह्या असल्या की तो हिशेब होतो.

भेटू पुढच्या भागात!